फुकटचं पुस्तक जिवंत ठेवतं कोण? पदवीच्या जीवशास्त्राची मुक्त साधनं आणि त्यांचा देखभालखर्च

बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांना लागणारा जीवशास्त्राचा बराचसा मजकूर आज कायदेशीरपणे फुकट मिळतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या 'ओपनस्टॅक्स' या उपक्रमाचं 'बायॉलॉजी टू-ई' हे पुस्तक त्याचं ठळक उदाहरण. ४७ प्रकरणं, पेशीतल्या रेणूंपासून थेट परिसंस्थेपर्यंत. मोबाइलवर वाचता येतं, पीडीएफ उतरवून घेता येते, त्यासाठी ना वर्गणी लागते ना परवानगीचं पत्र. बेळगाव, मडगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठल्याही कॉलेजातल्या मुलाला ते सारखंच उपलब्ध आहे.

अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधनं' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ओईआर'. २००१ मध्ये एमआयटीनं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना खुलं करायचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत हा शब्द रूढ झाला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोनं सदस्य देशांसाठी याबाबत शिफारस मंजूर केली. तिच्यात कामाची पाच क्षेत्रं सांगितली आहेत आणि त्यातलं एक फक्त टिकण्याबद्दल आहे, म्हणजे ही साधनं पुढं चालू ठेवायची कशी. साहित्य तयार करणं हा अर्धाच भाग असतो, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मोफत वेगळं, मुक्त वेगळं

यूट्यूबवरचं व्याख्यान मोफत असतं. पण ते उतरवून, कापून, मराठी आवाज घालून आपल्या वर्गासाठी पुन्हा प्रसिद्ध करायची मुभा असेलच असं नाही. मुक्त साधनात ती मुभा आधीच लिहून दिलेली असते. या क्षेत्रातले अभ्यासक डेव्हिड वायली यांनी अशा पाच मुभा सांगितल्या: प्रत कायमची जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढं वाटणं. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' संस्थेचे परवाने २००२ च्या डिसेंबरपासून याच कामासाठी वापरात आहेत.

परवान्याची अक्षरं वाचायला शिकणं अवघड नाही. 'सीसी बाय' म्हणजे मूळ लेखकाचा उल्लेख करा आणि काय हवं ते करा. 'एसए' जोडलं असेल, तर बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली द्यायची. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी वापर नाही. कॉलेजशेजारचा झेरॉक्सवाला छापील प्रत बांधून नफ्यावर विकायला लागला, की इथं प्रश्न उभा राहतो. 'एनडी' असेल तर बदलून प्रसिद्ध करायला मनाई, आणि भाषांतर हा कायद्याच्या दृष्टीनं बदलच असतो. त्यामुळं 'एनडी' दिसलं की मराठी आवृत्तीचा विषय तिथंच संपला. 'बायॉलॉजी टू-ई' हे 'सीसी बाय' आहे, सगळ्यांत सैल.

इथं कुणी विचारेल, झेरॉक्स काढायला आपल्याकडं कोर्टानंच परवानगी दिलीय की. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्याचं संरक्षण दिलं, हे खरं. पण त्या निकालानं कुणाचं पुस्तक सुधारून, भाषांतर करून नव्यानं प्रसिद्ध करायचा हक्क मिळत नाही. तो परवान्यानंच मिळतो.

जीवशास्त्र लवकर शिळं होतं

गणिताच्या पुस्तकाला दहा वर्षं हात लावला नाही तरी फारसं बिघडत नाही. जीवशास्त्राचं तसं नाही. बांधावरची बाभूळ घ्या. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी तिचं नाव 'अकेशिया निलोटिका' असं घोकलं. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या मोठ्या गटाकडं राहावं असं ठरलं, २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. आता आपली बाभूळ 'व्हॅचेलिया निलोटिका' आणि खैर 'सेनेगालिया कॅटेचू'. बेडकाचंही तेच. ज्याला 'राना टायग्रिना' म्हणत प्रॅक्टिकलची जर्नलं भरली, तो आज 'हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' आहे. जुनी नावं अजूनही कितीतरी नोट्समध्ये तशीच फिरतात.

नावं हा वरवरचा भाग झाला. ओपनस्टॅक्सचं 'बायॉलॉजी' पहिल्यांदा आलं २०१३ मध्ये. जनुक नेमक्या जागी कापायचं 'क्रिस्पर' तंत्र त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, २०१२ मध्ये, प्रसिद्ध झालं होतं. २०२० मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका नव्या कोरोनाविषाणूला 'सार्स-कोव्ह-२' हे नाव मिळालं आणि विषाणूंच्या प्रकरणाकडं सगळं जग वेगळ्या नजरेनं बघायला लागलं. २०२२ मध्ये मानवी जनुकसंचाचं वाचन पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत पूर्ण झालं. तोवर 'पूर्ण झालं' असं ज्या पुस्तकांनी लिहिलं होतं, त्यात ते प्रत्यक्षात अपुरं होतं.

यांत्रिक बाजूनंही साहित्य मरतं. पेशीविभाजनाची, रक्ताभिसरणाची, मेंडेलच्या वाटाण्याची कितीतरी हलती चित्रं एकेकाळी 'फ्लॅश'मध्ये बनवलेली होती. अ‍ॅडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ज्यांनी आपलं साहित्य वेळेत दुसऱ्या रूपात बदललं नव्हतं, त्यांच्या पानांवर राखाडी चौकोन उरले. मजकूर चुकला नव्हता, परवानाही शाबूत होता, फक्त दुरुस्तीला माणूस नव्हता.

भारतात याची झळ जास्त बसते. यूजीसीनं २०११ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करायच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते पदवी-पदव्युत्तर वर्गांत थांबवायला सांगितलं. बेडूक आणि झुरळ टेबलावरून उठले, त्यांच्या जागी संगणकावरचं विच्छेदन, चित्रफिती आणि प्रतिकृती आल्या. म्हणजे आता पडद्यावरचं साहित्य हीच प्रयोगशाळा आहे. ते बंद पडलं तर प्रॅक्टिकल बंद पडतं.

ओपनस्टॅक्सचा हिशेब

या उपक्रमाची कुळकथा समजून घेण्यासारखी आहे, कारण तो टिकला, आणि टिकण्यासाठी त्यानं स्वतःचंच एक जुनं घर सोडलं. राइस विद्यापीठातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड बरान्युक यांनी १९९९ मध्ये 'कनेक्शन्स' सुरू केलं. कल्पना सुंदर होती. कुणीही शिक्षकानं छोटे छोटे पाठ लिहून टाकावेत, दुसऱ्यानं ते हवे तसे जोडून आपलं पुस्तक बांधावं. पाठ हजारोंनी जमले. पण सुट्या पाठांची गोधडी करून सलग सत्र शिकवणं बहुतेकांना जमेना. दर्जा वरखाली, एका पाठातली संज्ञा दुसऱ्यात वेगळी, मधले दुवे गायब.

मग २०१२ मध्ये दिशा बदलली. नेहमीच्या प्रकाशकासारखं लेखकांना मानधन देऊन, तज्ज्ञांकडून तपासून घेऊन, ठरलेल्या अभ्यासक्रमाला पुरेल असं आख्खं पुस्तक काढायचं आणि ते मुक्त परवान्यावर द्यायचं. भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्रापासून सुरुवात झाली. २०१३ मध्ये 'बायॉलॉजी' आलं, तसंच विज्ञानशाखेबाहेरच्या मुलांसाठी २१ प्रकरणांचं 'कन्सेप्ट्स ऑफ बायॉलॉजी'. २०१६ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीच्या सहकार्यानं सूक्ष्मजीवशास्त्राचं पुस्तक निघालं. 'बायॉलॉजी'ची दुसरी आवृत्ती २०१८ च्या मार्चमध्ये आली. सुरुवातीचा पैसा देणगीचा होता: ह्यूलेट फाउंडेशन, गेट्स फाउंडेशन, अरनॉल्ड फाउंडेशन अशा संस्थांचा. वाणिज्याच्या भाषेत तो भांडवली खर्च. पुस्तक उभं राहिलं.

चालू खर्चाचं काय? प्रकाशकाकडं त्याचं सोपं उत्तर असतं. 'कॅम्पबेल बायॉलॉजी' हे जगभर वापरलं जाणारं पाठ्यपुस्तक १९८७ पासून नवनव्या आवृत्त्या काढत आलंय. आधीच्या आवृत्तीच्या विक्रीतून पुढच्या आवृत्तीचा खर्च निघतो. (दर आवृत्तीत प्रकरणांचे क्रमांक थोडे हलवले की जुनी पुस्तकं बाजारातून उठतात, हेही त्यातलं एक व्यापारी गणित; पाठ्यपुस्तकं विकणाऱ्या कुणालाही विचारा.) फुकट पुस्तकाला गल्लाच नाही. तेव्हा ओपनस्टॅक्सनं पुस्तकाभोवतीच्या गोष्टींतून पैसा उभा केला. ऑनलाइन गृहपाठ आणि चाचण्यांची सेवा विकणाऱ्या कंपन्या त्यांची पुस्तकं आधाराला घेतात आणि मोबदल्यात उपक्रमाला ठरावीक रक्कम देतात. छापील प्रत हवी असणाऱ्यांना ती विकत मिळते. विद्यापीठाचा आणि देणगीदारांचा हातभार चालू आहेच.

पण या उपक्रमाची सगळ्यांत उपयोगी गोष्ट पैशाची नाही, ती चुकांच्या यादीची. प्रत्येक पुस्तकासोबत चूक कळवायची सोय आहे. कुणीही विद्यार्थी कळवू शकतो. आलेली प्रत्येक चूक आणि तिचं पुढं काय झालं ते जाहीर यादीत दिसतं: दुरुस्त केली, फेटाळली, विचारात आहे. वेबवरच्या मजकुरात ठरावीक काळानं दुरुस्त्या जातात. आवृत्ती बदलली, की काय हललं याची मार्गदर्शिका शिक्षकांना मिळते. हे नीरस काम आहे, त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. पण पुस्तकावर विश्वास बसतो तो यामुळं.

आणि जुनं घर? कनेक्शन्सचं ते पाठांचं भांडार २०२२ मध्ये बंद करण्यात आलं. त्यातला मजकूर 'इंटरनेट आर्काइव्ह'कडं जतनाला गेला. या कल्पनेच्या जन्मदात्यांनाच दोन्ही घरांचा खर्च पेलला नाही, यावरून बाकीच्यांनी काय तो अंदाज घ्यावा. मुक्त परवाना असल्यामुळं मजकूर वाचला एवढं मात्र खरं. कॉपीराइटखाली असता तर सर्व्हरबरोबर तोही गेला असता.

इतर वाटा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक डेलमार लार्सन यांनी २००८ मध्ये 'केमविकी' सुरू केलं, त्यातूनच पुढं 'लिब्रेटेक्स्ट्स' झालं. जीवशास्त्राचाही मोठा विभाग त्यात आहे. त्याला २०१८ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं सुमारे ५० लाख डॉलरचं अनुदान मिळालं. हॉवर्ड ह्यूज संस्थेचं 'बायोइंटरअ‍ॅक्टिव्ह' वेगळ्या पठडीतलं: संस्थेचा स्वतःचा मोठा निधी आहे, त्याच्या उत्पन्नातून ते चालतं. ही सगळ्यांत निर्धास्त पद्धत, पण तेवढी तिजोरी कुणाकडं असते?

तिसरी वाट शिक्षकांच्या मंडळाची. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट कॉलेजात १९८६ मध्ये जॉन जंक यांच्या पुढाकारानं 'बायोक्वेस्ट' सुरू झालं. जीवशास्त्र शिकवताना मुलांना खरी आकडेवारी हाताळायला लावायची, हा त्यांचा हेतू. पुढं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून 'क्यूब्स' हे व्यासपीठ उभं राहिलं, ते आज बायोक्वेस्टकडंच आहे. तिथं शिक्षक एका सत्रापुरते छोटे गट करतात, दुसऱ्याचं साहित्य आपल्या वर्गात वापरून बघतात आणि बदललेली प्रत पुन्हा जमा करतात. मूळ साहित्याशी तिचा दुवा राहतो, प्रत्येकीला कायमचा ओळख क्रमांक मिळतो. देखभाल वेगळी करावीच लागत नाही, वापरणाराच जाता जाता डागडुजी करतो. अर्थात व्यासपीठ चालवायला पैसा लागतोच, आणि सरकारी अनुदानाचा भरवसा किती धरायचा हे २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये दिसलं. त्या दोन महिन्यांत या प्रतिष्ठाननं दिलेली हजाराहून जास्त अनुदानं मध्येच रद्द झाली आणि विज्ञानशिक्षणाच्या प्रकल्पांना त्याचा मोठा फटका बसला.

आपल्याकडं काय आहे

भारतात साहित्याची टंचाई नाही. २००९ मध्ये केंद्रानं माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. 'व्हर्च्युअल लॅब्ज' ही त्यातूनच आली, आणि जैवतंत्रज्ञानाच्या आभासी प्रयोगशाळा अमृता विश्वविद्यापीठानं तयार केल्या. पदव्युत्तर वर्गांसाठी 'ई-पीजी पाठशाला' झाली. शाळेसाठी २०१३ मध्ये 'एनआरओईआर' हे भांडार 'सीसी बाय-एसए' परवान्यावर उघडलं. ९ जुलै २०१७ ला 'स्वयम्' सुरू झालं, आणि २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेऊ देऊ शकतात.

या यादीत सुरुवातीची सालं पटापट सांगता येतात, शेवटच्या दुरुस्तीची सांगता येत नाहीत. नव्याचे नऊ दिवस सरले की प्रकल्पाचा निधी संपतो, कंत्राटी माणसं जातात आणि पाठ जिथल्या तिथं राहतो. प्राध्यापकाचं नाव आणि संस्थेचं बोधचिन्ह पडद्यावर असतं, पण चूक दिसली तर ती कुणाला कळवायची, हे शोधावं लागतं.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चाललेला 'क्यूब' हा उपक्रम याला चांगला अपवाद. (नाव अमेरिकेतल्या क्यूब्ससारखं वाटलं तरी याचा त्याच्याशी संबंध नाही.) पदवीची मुलं फळमाशी, हायड्रा यांसारखे साधे जीव घरी-कॉलेजात कमी खर्चात वाढवतात, प्रश्न विचारतात, निरीक्षणं एकमेकांना खुली ठेवतात. बरणीतल्या माश्यांना दर काही दिवसांनी नवं अन्न लागतंच. त्यामुळं इथं साहित्य आपोआप ताजं राहतं.

भाषेच्या बाजूनं आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'ची पद्धत पाहण्यासारखी आहे. विषय मुख्यतः संगणकप्रणालींचे, पण युक्ती सगळीकडं चालण्यासारखी: चित्रफीत तीच ठेवायची, फक्त आवाज मराठी, कन्नड, गुजराती, तेलुगू असा बदलायचा. दुरुस्ती करायची वेळ आली तर लिखित संहिता आधीच तयार असते.

राज्याची सीमा आणि 'पेशी'चा घोटाळा

सीमेपलीकडच्या मराठी मुलाला या सगळ्याचा उपयोग इतरांपेक्षा जास्त आहे, आणि अडचणही जास्त. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमातून, कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तकांवर शिकलेला मुलगा पीयूसीला विज्ञान घेतो, तेव्हा सगळं एकदम इंग्रजीत येतं. पुढं तो राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात गेला तर एक अभ्यासक्रम, शिनोळीचा नाका ओलांडून शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात गेला तर दुसरा. नव्या शैक्षणिक धोरणानं हे अंतर आणखी वाढवलं. कर्नाटकानं २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांवर आली. मध्य प्रदेशानंही २०२१ मध्येच धोरण लागू केलं. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. एका विद्यापीठासाठी छापलेलं 'सेमिस्टर तीन, पेपर दोन' असं पुस्तक नाक्यापलीकडं निरुपयोगी ठरतं. मुक्त पुस्तकातली प्रकरणं मात्र हवी तशी उचलून दोन्हीकडच्या क्रमानं लावता येतात.

भाषेचा प्रश्न त्याहून गमतीशीर, आणि तितकाच अवघड. मराठीत 'पेशी' म्हणजे शरीराचा सगळ्यांत लहान जिवंत घटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे स्नायू. (कोर्टातली तारीख ती वेगळीच.) गुजरातीत पेशीला 'कोष' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे आपली ऊती. म्हणजे पुण्यात, इंदुरात आणि बडोद्यात एकच शब्द तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर बसतो. कन्नडमध्ये पेशी म्हणजे 'जीवकोश', तेलुगूत 'कण', आणि मराठीत कण म्हणजे नुसता कण. मराठी 'गुणसूत्र' गुजरातीत 'रंगसूत्र' होतं, कन्नडमध्ये 'वर्णतंतू'. कन्नडमधलं 'किण्व' म्हणजे आपलं विकर, पण मराठीत 'किण्वन' म्हणजे आंबवण्याची क्रिया. इंदूरच्या घरात मराठी आणि वर्गात हिंदी असलेल्या मुलीनं नोट्स काढताना 'पेशी' लिहिलं, तर परीक्षकानं कुठला अर्थ घ्यायचा?

महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा जीवशास्त्र परिभाषा कोश आहे, विश्वकोशात सविस्तर नोंदी आहेत. पण ते महाराष्ट्रातल्या वाचकाला समोर ठेवून केलेलं काम. शेजारच्या राज्यभाषेतला शब्द बाजूला दाखवणारी चौकट सीमेवरच्या मुलाला हवी असते: मराठी, इंग्रजी आणि त्या त्या राज्याची भाषा, सोबत एक चित्र. हे काम एखाद्या कॉलेजाच्या तीन-चार शिक्षकांनी बसून करता येण्यासारखं आहे. मध्य प्रदेशात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एमबीबीएसची पहिली हिंदी पुस्तकं आली, तेव्हा त्यात बऱ्याच इंग्रजी संज्ञा तशाच देवनागरीत ठेवल्या. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. पण पदवीच्या पातळीवर तो मार्ग अगदीच चुकीचा नाही. परीक्षा इंग्रजीत असेल तर मुलाला 'मायटोकाँड्रिया' हा शब्द हवाच, त्याचं काम मराठीत समजलं की झालं.

गुण नव्याला मिळतात

आता सरकारी पातळीवर भारतीय भाषांसाठी जोर लागलाय. यूजीसीचा 'अस्मिता' प्रकल्प २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर झाला, पाच वर्षांत २२,००० पुस्तकांचं उद्दिष्ट ठेवून. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'भारतीय भाषा पुस्तक' योजना आली. यंत्राकडून कच्चं भाषांतर काही मिनिटांत निघतं, त्यामुळं संख्या गाठणं कठीण जाऊ नये. पण संख्येइतकीच परवान्याची आणि दुरुस्तीची तरतूद तपासायला हवी. यंत्रानं 'सेल'चं भाषांतर एका पानावर 'पेशी' आणि दुसऱ्या पानावर 'कक्ष' केलं, तर ते शोधून काढायला जीवशास्त्र कळणारा मराठी माणूस लागतो, आणि त्याचे तास कुठल्या तरी खात्यावर टाकावे लागतात.

घोडं पेंड खातं ते इथंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकाच्या बढतीसाठी कामांना गुण ठरवून दिलेत. पूर्ण अभ्यासक्रमाचं नवं ई-साहित्य केलं तर १२, पुस्तकाचं भाषांतर केलं तर ८. आधीचं साहित्य दुरुस्त करण्यासाठी, चुकांची यादी सांभाळण्यासाठी, फ्लॅशमधला प्रयोग नव्या रूपात आणण्यासाठी त्या तक्त्यात वेगळी ओळच नाही. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला गुण आहेत तेच काम माणूस आधी करणार. म्हणून मायटॉसिसचा तोच पाठ दहा कॉलेजांत दहा वेळा नव्यानं तयार होतो आणि एकही पाचव्या वर्षापर्यंत पोचत नाही. स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठं हे आपल्या पातळीवर बदलू शकतात. आठवड्याच्या कार्यभारात दोन तास 'साहित्य देखभाल' म्हणून धरायला दिल्लीच्या परवानगीची गरज पडू नये.

एखाद्या विभागानं मुक्त पुस्तक वर्गात लावायचं ठरवलं, तर आधी परवान्याची अक्षरं आणि शेवटच्या बदलाची तारीख पाहावी. नुसती पीडीएफ आहे की बदलता येईल अशी मूळ फाइलही मिळते, हे विचारावं. चित्रं वेगळी तपासावीत, कारण पुस्तक एका परवान्यावर आणि आतलं सूक्ष्मदर्शकाचं छायाचित्र दुसऱ्याच्या मालकीचं, असं होतं; ओपनस्टॅक्सच्या पुस्तकात बहुतेक चित्रांखाली श्रेय असतं ते त्यासाठीच. चित्रातच इंग्रजी नावं कोरलेली असतील तर मराठी आवृत्तीत ती आकृती नव्यानं काढावी लागते, आणि भाषांतराच्या अंदाजपत्रकात हाच खर्च बहुतेक वेळा विसरला जातो. आपली बदललेली प्रत विभागाच्या एकाच संगणकावर न ठेवता निदान आणखी एका सार्वजनिक भांडारात टाकावी. पहिल्या पानावर चार गोष्टी लिहिल्या की 'सीसी बाय'ची अट पुरी होते: मूळ पुस्तकाचं आणि कर्त्याचं नाव, मूळ मजकुराचा दुवा, परवाना, आणि आपण काय बदललं ते. त्याच पानावर चूक कळवण्यासाठी विभागाचा ई-मेल पत्ता द्यावा, एखाद्या प्राध्यापकाचा खासगी नव्हे. प्राध्यापक निवृत्त होतात.